घरातला कारखाना

‘कार्यशाळा’ हा शब्द आमच्या महाविद्यालयात फार लाडका आहे. महिन्याकाठी एखादी तरी होतेच. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, दोन भाषणं, चहा, आभार आणि सरतेशेवटी प्रमाणपत्र, एवढं झालं की कार्यशाळा संपली. या सगळ्यात कार्य कोणतं आणि ते केलं कोणी, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाला पडतो; पण तो विचारायचा नसतो, एवढं व्यवहारज्ञान वीस वर्षांच्या नोकरीत येतंच. या शब्दाला आणखी एक साधा अर्थ आहे. जिथं माणूस हातानं काही घडवतो ती जागा म्हणजे कार्यशाळा. या दिवाळीत वाचकांशी बोलायचं आहे ते या साध्या अर्थाच्या कार्यशाळेविषयी, आणि तीही घरातल्या. पोटासाठी नव्हे, केवळ हौसेसाठी मांडलेल्या.

नुकताच दसरा होऊन गेला. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून त्या वेळी यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात. सुताराच्या घरी रंधा, पटाशी आणि करवत पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात. पांढरपेशांच्या घरी मात्र त्या सकाळी शोधाशोध सुरू होते. पूजा करायची कशाची? शेवटी लॅपटॉप, स्कूटरची किल्ली, अडकित्ता आणि स्वयंपाकघरातली विळी यांवर वेळ निभावते. एक स्क्रूड्रायव्हर असतो, पण तो शेजाऱ्यांकडे गेलेला असतो, किंवा मुळात शेजाऱ्यांचाच असतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण लेखणीला इतका मान दिला की बोटाला शाई लागली तर ते भूषण झालं आणि वंगण लागलं तर लाज वाटू लागली. मग घरातल्या चार भिंतींत अवजारांना जागा कुठून राहणार?

जुन्या घरांत ती असे. गोदाकाठच्या वाड्यांतून ज्यांचं बालपण गेलं त्यांना आठवेल, पडवी ही काही नुसती चपला काढायची जागा नव्हती. तिथं खाटेची सुंभं विणली जात, छत्री दुरुस्त होई, जात्याला टाकी लागे. माळ्यावर फळकुटं, खिळ्यांचे डबे, तुटक्या खुर्च्यांचे पाय असा ऐवज साठवलेला असे. परसात काही ठोकलं तरी कुणाची झोपमोड होत नसे. दिवाळी आली की मुलं अंगणात मातीचा किल्ला रचत आणि पडवीत बांबूच्या कामट्या तासून, पतंगी कागद खळीनं चिकटवून आकाशकंदील करीत. त्याला छंद म्हणतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. वाडे पाडले गेले, त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. सदनिकेत झोपायची खोली आहे, बसायची आहे, स्वयंपाकाची आहे. काही करायची खोली मात्र नकाशातच नाही. किल्लासुद्धा आता तयार विकत मिळतो, महाराजांसकट.

तरीही घराचा कारखाना करता येतो, याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला नाशिक जिल्ह्यातल्याच माणसाचा आहे. धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग अशा नाना कलांत त्यांनी हात घातला. जादूगार म्हणून रंगमंचावर उभं राहताना आपलंच आडनाव उलटं करून ते ‘प्रोफेसर केळफा’ झाले. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि या गृहस्थांची झोप उडाली. १९१२ साली विम्याच्या कागदांवर पैसे उभे करून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले. मग दादरच्या राहत्या घरातच कारखाना सुरू झाला. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला, समोर कॅमेरा रोखला आणि रोप उगवून वाढेपर्यंत थोडी थोडी चित्रं घेत राहिले. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वर आलं तेव्हा लोक थक्क झाले आणि भांडवल मिळालं. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशकात हलवले.

कारखाना हा शब्द मी पदरचा घातलेला नाही. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडत; म्हणून फाळके आपल्या मंडळींना सांगत, हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहे असं म्हणा. परेश मोकाशींच्या २००९ च्या चित्रपटाचं ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हे नाव त्यावरूनच आलं.

या कथेतलं एक पात्र मात्र आपण घाईनं ओलांडून जातो. ते म्हणजे सरस्वतीबाई फाळके. त्या काळी कोरी फिल्म यायची ती भोकांविना. कॅमेऱ्याच्या दात्यांत ती अडकून पुढं सरकावी म्हणून तिच्या दोन्ही कडांना भोकं पाडावी लागत, आणि उजेड लागला तर फिल्म वाया जाणार म्हणून हे काम अंधारात बसून करावं लागे. ते सरस्वतीबाईंनी केलं. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. एका फुटात सोळा चित्रं, प्रत्येक चित्राला एकेका कडेला चार भोकं. म्हणजे फुटाला १२८. गुणाकार केला तर आकडा पावणेपाच लाखांच्या घरात जातो. यंत्र हाताशी असलं आणि एका दाबासरशी अनेक भोकं पडत असली, तरी मनगट माणसाचंच. शिवाय रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधायचा आणि गरज पडली तेव्हा अंगावरचे दागिनेही द्यायचे. फाळक्यांची बुद्धी अलौकिक होती यात शंका नाही. पण घराचा कारखाना झाला तो घरानं होऊ दिला म्हणून, आणि घर नुसतं होऊ देऊन थांबलं नाही, कामाला बसलं म्हणून.

म्हणून घरात कार्यशाळा मांडू पाहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हातोडीविषयी नाही, तहाविषयी आहे. जागा ही घरात कधीच मोकळी नसते. ती कुणाची तरी असते. आमच्या घरची गॅलरी नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद. तिच्यावर आधीच चार हक्कदार होते. कपड्यांची दोरी, धुलाईयंत्र, तुळस आणि सकाळच्या उन्हाला बसायची माझ्या आईची खुर्ची. मी पाचवा. दोन संध्याकाळी वाटाघाटी झाल्या आणि पुढील कलमं ठरली. भिंतीकडची चार फूट माझी. ओटा घडीचा असावा, काम संपलं की भिंतीला टेकावा. कपडे वाळत असतील तेव्हा भुसा उडवायचा नाही. दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर ठोकाठोक बंद. शेवटचं कलम आमच्या सौभाग्यवतींनी घातलं आणि त्यावर चर्चा होऊ दिली नाही. “हत्यारं फक्त तुमची असणार नाहीत, अहो. घरात ज्याला लागेल त्यानं घ्यायची. आणि केर ज्याचा त्यानं काढायचा.”

तह झाला की ओटा. दीड इंच जाडीची फळी भक्कम बिजागऱ्यांनी भिंतीला जोडावी आणि पुढच्या बाजूला जमिनीपर्यंत पोचणारे दुमडते पाय द्यावेत. नुसत्या त्रिकोणी आधारावर ओटा रंधा मारताना डुलतो. उंचीचं गणित सोपं आहे. ताठ उभं राहून हात सैल सोडावेत, मनगट जिथं येईल तिथं ओट्याचा माथा. याहून ठेंगणा केला तर कंबर बोलते, उंच केला तर खांदे. लाकूड किंवा लोखंड घट्ट धरणारा व्हाइस ओट्याच्या कोपऱ्यात, बरोबर पायाच्या वर बसवावा, म्हणजे घाव जमिनीत उतरतो. उजव्या हातानं काम करणाऱ्यानं उजेड डावीकडून घ्यावा; नाहीतर हाताची सावली नेमकी आपण आखलेल्या रेघेवर पडते.

मग भिंत. अवजारं पेटीत ठेवली की खालचं हवं असतं आणि वरची दहा काढावी लागतात. तेवढ्यात हौस विरते. त्यापेक्षा प्लायवूडचा एक तक्ता भिंतीला ठोकावा, त्यावर खिळे मारून अवजारं टांगावीत आणि प्रत्येकाच्या कडेनं पेन्सिल फिरवून त्याची आकृती काढून ठेवावी. संध्याकाळी कुठली आकृती रिकामी आहे हे एका नजरेत कळतं. स्क्रू, खिळे, वॉशर यांना लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्यांसारखी सोय नाही. आतलं दिसतं आणि झाकण घट्ट बसतं; हळदीच्या डब्यात मोहरी निघण्याची आपत्ती टळते.

तक्त्यावर आकृतीखाली नावं लिहायची सूचना माझी. तेवढा धंदेवाईक दोष वाचकांनी चालवून घ्यावा. आमच्या कन्येनं तिच्या वळणदार अक्षरात ती लिहिली. काटकोन तपासतो तो गुण्या, उभी रेघ दाखवतो तो ओळंबा, कडेला समांतर रेघ ओढतो तो खतकस, लाकूड खोदते ती पटाशी, लोखंड घासते ती कानस. लिहिता लिहिता लक्षात आलं की सुताराची पेटी म्हणजे भाषेचा इतिहासच आहे. हातोड्याला आपल्याकडं मारतोल म्हणतात, तो पोर्तुगीजांच्या मार्तेलोचा वंशज. गिरमिट हे इंग्रजी गिम्लेटनं मराठी पागोटं घातलेलं रूप. रंधा फारसीतून आला. खिळा उपटणारा जंबूरही तिकडचाच. फारसीत झंबूर म्हणजे गांधीलमाशी, आणि त्याचा चावा पाहिला की नाव पटतं. सुताराच्या हातानं हे शब्द आले, रुळले, आणि आता दुकानात फक्त इंग्रजी नावं मागायची पद्धत पडल्यामुळं निघून चालले आहेत. शब्दाला शब्दकोशात नोकरी मिळते खरी, पण त्याचं पोट भरतं ते वापरानंच.

अवजारं कोणती घ्यावीत? आमच्या समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी सेवानिवृत्तीच्या दिवशी विजेचं मोठं ड्रिलयंत्र आणलं, चाळीस पात्यांच्या संचासह. पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळ्या भिंतींना भोकं पाडली. दुसऱ्या आठवड्यात टांगायला काही उरलं नाही. हल्ली ते यंत्र कपाटात विश्रांती घेतं आणि गृहस्थ पाहुण्यांना त्याची पेटी उघडून दाखवतात. वस्तू ठरवावी आणि तिला लागेल तेवढंच अवजार घ्यावं, हा क्रम बरा. तरीही सुरुवातीला पोलादी पट्टी, फीत, गुण्या, बारीक दातांची करवत, हातोडी, पाऊण इंची आणि पाव इंची अशा दोन पटाश्या, दोन स्क्रूड्रायव्हर, पक्कड, कानस, हातानं फिरवायचं ड्रिल, दोन क्लॅम्प आणि धार लावायचा दगड एवढ्यावर वर्ष निघतं. यात मोजायच्या आणि आखायच्या वस्तू पहिल्या लिहिल्या आहेत ते मुद्दाम. लाकूड कापल्यावर वाढत नाही. आणि दगडाची काटकसर करू नये. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा घातक. तिला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते, आणि घसरली की दुसऱ्या हाताकडंच जाते.

पावसाळ्यात लोखंड गंजतं. शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवला की भागतं. खोबरेल वापरू नये, कारण नाशिकच्या थंडीत ते अवजारावर लोण्यासारखं थिजतं. लाकडाला जवसाचं तेल लावलं तर ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ते तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपणहून पेट घेऊ शकतं. पसरून मोकळ्या हवेत वाळवावं किंवा पाण्यात बुडवावं. विजेचं अवजार वापरायचं असेल तर वीज गळताच प्रवाह तोडणारं स्विच घरात आहे ना, हे आधी पाहावं. डोळ्यांवर चष्मा हवा. केस बांधलेले हवेत, आणि ओढणी खुंटीला.

ओढणीचा उल्लेख सहज आलेला नाही. आईच्या गुडघ्यांना आता गॅलरीचा उंबरा चढवत नाही. उन्हाची खुर्ची पलीकडं आणि ती अलीकडं, असे काही दिवस गेले. आठवीतल्या नातीनं उंबऱ्याची उंची मोजली, त्याच्या निम्म्या उंचीची पायरी कागदावर आखली आणि फळी व्हाइसमध्ये आवळून करवत हातात घेतली. त्याच वेळी एक वडीलधारे नातेवाईक फराळाच्या निमित्तानं आले होते. ते दारातूनच म्हणाले, “अहो, पोरीच्या हातात करवत? बोट तुटलं म्हणजे?” मी काही बोलायच्या आत आई आतून म्हणाली, “कालच ती विळीवर बसून दोन नारळ खोवून उठली. तेव्हा नाही कुणी बोटाची चौकशी केली.”

खरंच की! विळीचं पातं कुठल्याही पटाशीइतकं धारदार, आणि ते उघडंच असतं. शतकानुशतकं घरातल्या बायका ते पायाखाली दाबून काम करीत आल्या. मुसळ, जातं, चरखा, सुई, कातर ही सारी अवजारंच होती. पण ती बायकांच्या हातात असल्यामुळं त्यांना अवजारं म्हटलं गेलं नाही आणि त्या जागेला कार्यशाळा म्हटलं गेलं नाही. काळोखात फिल्मला भोकं पाडणाऱ्या सरस्वतीबाई पडद्यामागं राहिल्या त्याही याच हिशेबानं. पुरुषानं गॅलरीत हातोडी उचलली की तो छंद, त्यावर लेख. बाईनं दिवसभर हात चालवले की ते घरकाम, त्यावर काही नाही. सौभाग्यवतींनी तहात ते शेवटचं कलम का घातलं आणि त्यावर चर्चा का होऊ दिली नाही, हे मला त्या दिवशी नीट उमगलं.

पायरी झाली. तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालावी लागली, ती आजही आहे. आई तिच्यावर पाऊल ठेवून रोज उन्हात जाते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पुठ्ठ्यासकट दाखवते.

ज्यांच्या घरात चार फूटही सुटणार नाहीत त्यांनी खट्टू होऊ नये. पुण्यात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला मुलांच्या कितीतरी पिढ्यांना शिकवलं. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यातून त्यांनी भूमिती उभी केली. त्याला एक ताट पुरे. मोठी यंत्रं हवी असतील तर ती दहाजणांत एक असावीत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथं डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, हातानं काम करत शिकायचं या तत्त्वावर. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या पुढाकारातून जगभर ज्या फॅब लॅब निघाल्या, त्यांतल्या अगदी पहिल्यांपैकी एक याच पाबळच्या आश्रमात आहे. इमारतीच्या तळमजल्यावर जिथं जुने फर्निचर आणि गणपतीचं मखर धूळ खात पडतं, तिथं एक सामाईक ओटा आणि एक व्हाइस बसवायला कुठल्याही सोसायटीला अवघड नाही. सभेत ठराव मांडून पाहावा. विरोध होईल, गोंगाटाचा मुद्दा निघेल. दुपारी दोन ते चारचं कलम तेव्हा उपयोगी पडेल.

आणि सुरुवात कशानं करावी, असं विचाराल तर मुहूर्त दारात उभा आहे. बांबूच्या कामट्या भांडी बाजाराच्या आसपास चौकशी केली तर मिळतील. पतंगी कागद स्वस्त आहे, खळ घरातल्या मैद्याची होते, आणि कामटी तासायला एक धारदार चाकू पुरतो. सहा चौकोन, आठ त्रिकोण, खाली झिरमिळ्या. पहिला कंदील जरा वाकडा होईल. दिवा लावल्यावर तो रस्त्यावरून कळत नाही. फक्त करायला बसताना घरातल्या सगळ्यांना बोलवा, आणि चाकू आळीपाळीनं फिरू द्या.